ग्रॅकसची जमीन वेगळी, सैनिकांची वेगळी

प्राचीन रोममधलं जमीनवाटप म्हटलं की सामान्य लोकांचा निवडून आलेला प्रतिनिधी टायबेरियस ग्रॅकस आणि नंतरचे सेनापती एकाच माळेत ओवले जातात, गरिबांना जमीन दिली आणि सिनेट, म्हणजे बड्या घराण्यांची सभा, चिडलं, झालं. पण जमीन कुणाची काढली आणि कशासाठी दिली, हे बघितलं की दोन्ही गोष्टी पार उलट्या निघतात.

ग्रॅकसचा कायदा इ.स.पू. 133 चा. तेव्हा फौजेत जायला थोडीतरी मालमत्ता असावी लागायची, त्यामुळे शेतकरी भूमिहीन झाला की रोमचा एक सैनिक कमी, ही त्याची खरी काळजी. त्याने माणशी 500 युगेरा म्हणजे साधारण 310 एकरांची मर्यादा घातली (मुलांमागे थोडी वाढीव), वरची जमीन भूमिहीनांना द्यायची आणि त्यांनी ती विकायची नाही. आपल्याला लगेच आपला जमिनीचा सीलिंग कायदा आठवतो आणि इथेच घोळ होतो, कारण खाजगी जमिनीला त्याने हातच लावला नव्हता, ही जिंकलेली सरकारी जमीन होती, बड्यांनी पिढ्यानपिढ्या वापरून आपलीच मानलेली. तरी सिनेटर लोकांनी मोडक्या बाकांचे पाय घेऊन त्याला मारलं आणि प्रेत रात्री टायबर नदीत टाकलं. वाटप मात्र चालू राहिलं, दक्षिण इटलीत वाटपासाठी नेमलेल्या आयोगाच्या तिघांची नावं कोरलेले हद्दीचे दगड सापडलेत, मला तर हे दगड कुठल्याही भाषणापेक्षा मोठे वाटतात.

मग इ.स.पू. 107 मध्ये मारियस या सेनापतीने काहीच मालमत्ता नसलेल्यांना भरती केलं आणि गणित फिरलं. आधी जमीन होती म्हणून माणूस सैनिक व्हायचा, आता सैनिक झाला म्हणून जमीन मागायला लागला, आणि मागणार कुणाकडे तर आपल्या सेनापतीकडे, मग निष्ठाही त्याच्याशीच. ज्यात सीझरच्या मारेकऱ्यांचा पराभव झाला त्या फिलिपीच्या लढाईनंतर, इ.स.पू. 41 मध्ये सीझरचा वारस ऑक्टेव्हियनने सैनिकांसाठी इटलीतल्या 18 शहरांच्या जमिनींवर हात घातला, म्हणजे काही गुन्हा नसलेल्या लोकांची स्वतःची शेतं. रोमन कवी व्हर्जिलच्या पहिल्या गोपगीतात असाच एक हाकललेला धनगर येतो, शेळ्या हाकत चाललाय, एक शेळी वाटेतच व्यालीय आणि तिची जुळी करडं उघड्या खडकावर टाकून यावी लागलीत.

पुढे हाच ऑक्टेव्हियन ऑगस्टस या नावाने रोमचा पहिला सम्राट झाल्यावर सैनिकांसाठी जमीन पैसे मोजून घ्यायला लागला, आणि इ.स. 6 मध्ये त्याने निवृत्त सैनिकांसाठी वेगळा खजिनाच काढला.