गाठ फुटली म्हणजे आजार गेला?

कोथरूडच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर अधूनमधून फिरतं: ‘जबड्याची गाठ फुटून पू गेला की आजार गेला, गोळ्या बंद.’ गळू फुटल्यावर ठणका थांबतो, म्हणून हे पटतंही. पण दाढ काढल्यावर क्वचित अ‍ॅक्टिनोमायकोसिस हा जंतुसंसर्ग होतो. (नाव बुरशीसारखं, जंतू आहेत जिवाणूच, एरवी तोंडात निवांत राहणारे.) गाठ कडक, बऱ्याचदा न दुखणारी, फुटते, भरते, पुन्हा शेजारी फुटते. पुसलेल्या गॉजवर कधीकधी रव्यासारखे पिवळे कण दिसतात. खात्री मात्र पू किंवा गाठीचा तुकडा तपासूनच. कल्चर (लॅबमध्ये जंतू वाढवून पाहणं) हवेविना करावं लागतं, दोन आठवडेही लागतात. लॅबला संशय आधी कळवलेला बरा. पेनिसिलिन गटाचं औषध कित्येक आठवडे, कधी महिने चालतं. पाच दिवसांच्या गोळ्यांनी सूज तात्पुरती उतरते, एवढंच.