वाढवण बंदर : लाल वर्गातून बाहेर

मुंबईचा बंदर-इतिहास बहुतेकांना तोंडपाठ असतो. प्रिन्सेस डॉक १८८०चा, अलेक्झांड्रा म्हणजे आजचा इंदिरा डॉक १९१४चा, मग गोदी तुंबली म्हणून १९८९मध्ये न्हावा-शेवा. या सगळ्यांना एकच जुने दुखणे आहे, ते म्हणजे गाळ. खाडीतला मार्ग सतत उपसत राहावे लागते, आणि सर्वांत मोठी कंटेनर जहाजे तरीही आत येत नाहीत. आपल्या मालाचा मोठा हिस्सा कोलंबो किंवा सिंगापूरला जहाज बदलून जातो. पालघर जिल्ह्यात, डहाणू तालुक्यातल्या वाढवणला किनाऱ्याजवळच सुमारे २० मीटर नैसर्गिक खोली मिळते, म्हणून नियोजनकारांची नजर तिथे गेली.

डहाणू रोडपर्यंत लोकल जात असताना या भागाला दुर्गम म्हणणे मुंबईकरांना विचित्र वाटेल. तो आडबाजूला राहिला तो काही अंशी कायद्यामुळे. औष्णिक वीज प्रकल्पावरून वाद पेटल्यानंतर जून १९९१मध्ये केंद्राने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवला. उद्योगांचे हिरवा, नारिंगी आणि लाल असे वर्ग पाडले आणि सर्वाधिक प्रदूषण करणाऱ्या लाल वर्गाला बंदी घातली. वीज प्रकल्प मात्र झालाच. अधिसूचना नीट पाळली जात नाही हे पाहून सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९६मध्ये निवृत्त न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण आले.

वाढवणची पहिली योजना याच सुमाराची. एका परदेशी कंपनीला सोबत घेऊन राज्याने बंदराचा घाट घातला. १९९८मध्ये प्राधिकरणाने निकाल दिला, की १९९१च्या अधिसूचनेनुसार इथे बंदर अजिबात अनुज्ञेय नाही, म्हणून ते बेकायदा ठरते. त्यात पळवाट ठेवलेली नव्हती. कंपनी निघून गेली आणि विषय मिटला, असे गावाने धरले.

तो २०१५मध्ये पुन्हा उघडला, या वेळी केंद्र आणि राज्याच्या ७४:२६ भागीदारीत. फेब्रुवारी २०२०मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तत्त्वतः मंजुरी दिली. पण १९९८चा आदेश तसाच उभा होता. मग पुढच्या दोन-चार महिन्यांत जे झाले त्याकडे बातम्यांचे फारसे लक्ष गेले नाही. देश टाळेबंदीत होता. एप्रिलअखेर प्रदूषण नियंत्रणाच्या केंद्रीय यंत्रणेने बंदरे, जेट्टी आणि ड्रेजिंग यांना लाल वर्गातून काढून 'बिगर-औद्योगिक' कामांत टाकले. जूनमध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या कार्यालयीन ज्ञापनाने तेच डहाणूसारख्या संवेदनशील क्षेत्रांना लागू केले. म्हणजे अधिसूचनेतली बंदी कायम राहिली आणि बंदर तिच्या कक्षेबाहेर गेले. बंदर स्वतः काही बनवत नाही, म्हणून तो कारखाना नव्हे, या युक्तिवादात तथ्य नाही असे नाही. पण समुद्रात १,४०० हेक्टरहून अधिक भराव घालणारे काम कागदावर उद्योग नाही, हे समुद्रात डोल जाळे लावणाऱ्या मच्छीमाराला समजावून सांगणे कठीण आहे. बदलाचा मुहूर्तही इतका सोयीचा, की तो निव्वळ तांत्रिक होता हे मानायला जड जाते.

१९९८चा आदेश देणारे अध्यक्ष जानेवारी २०१९मध्ये निवर्तले. नव्या अध्यक्षांच्या काळात, ३१ जुलै २०२३ला, त्याच प्राधिकरणाने अटी घालून नाहरकत दिली. पुढचे सगळे भराभर घडले. जानेवारी २०२४मध्ये जनसुनावणी, फेब्रुवारीत पर्यावरण मंजुरी. एप्रिलमध्ये उच्च न्यायालयाने नाहरकतीविरुद्धच्या याचिका फेटाळल्या. जूनमध्ये ७६,२२० कोटींच्या खर्चाला मान्यता मिळाली आणि ३० ऑगस्टला पालघरमध्ये पायाभरणी झाली. 'एकच जिद्द, वाढवण बंदर रद्द' या घोषणा किनाऱ्यावर चालूच होत्या.

बंदर भरावावर उभे राहणार असल्याने गावची जमीन जाणार नाही, असे सरकार सांगते. तसे पाहिले तर ते खरे आहे. जमीन लागेल ती महामार्गाला जोडणाऱ्या सुमारे ३२ किलोमीटर रस्त्याला आणि १२ किलोमीटर रेल्वेमार्गाला. मच्छीमार समुद्रातल्या ज्या मासळीच्या पट्ट्याला गोल्डन बेल्ट म्हणतात तो मात्र कोणाच्या सातबाऱ्यावर नाही. त्यामुळे भूसंपादनाचा मोबदला ठरवण्याची ठरलेली रीत तिथे चालत नाही. कोणाची किती मासेमारी बुडाली हे आधी मोजावे लागते, आणि ते कसे मोजायचे यावरच मच्छीमार आणि प्रकल्पवाले यांचे जमत नाही.