विमान कर्मचारी नियोजन

वेळापत्रकातील प्रत्येक उड्डाणाला पात्र वैमानिक व केबिन कर्मचारी मिळावेत, विश्रांतीचे नियम पाळले जावेत आणि एकूण खर्च कमीत कमी राहावा, अशा रीतीने ड्युट्या आखण्याच्या कामाला विमान कर्मचारी नियोजन म्हणतात. विमान कंपन्यांच्या खर्चात सामान्यतः इंधनाखालोखाल कर्मचाऱ्यांचा वाटा असतो.

आधी ‘पेअरिंग’ तयार होतात, म्हणजे तळावरून (कर्मचाऱ्यांची नेमणूक असलेल्या विमानतळावरून) निघून तळावरच संपणाऱ्या, एक ते काही दिवसांच्या उड्डाणसाखळ्या. मग रजा, प्रशिक्षण आणि पात्रता पाहून त्या नावानिशी वाटल्या की ‘रोस्टर’ होतो.

खर्च वाढतो तो मुख्यतः तळाबाहेर वाया जाणाऱ्या वेळेमुळे. मुंबई तळावरचे कर्मचारी संध्याकाळचे विमान घेऊन छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळावर उतरले आणि तिथेच राहिले, तर एसटीच्या मुक्कामी गाडीच्या चालक-वाहकांप्रमाणे त्यांच्या रात्रीची सोय करावी लागते. हॉटेल, भत्ता, ने-आण हे सारे आलेच. विमान त्याच रात्री परत नेले तर हा खर्च वाचतो, परंतु सकाळी मुंबईकडे जाणाऱ्या विमानाला आधी मुंबईहून यावे लागते. मराठवाड्यातील प्रवाशाला भल्या सकाळचे विमान मिळते की नाही, हे प्रवासीसंख्येइतकेच अशा हिशेबावरही ठरते.

काहीशे उड्डाणांपासूनही कोट्यवधी पेअरिंग संभवतात. त्यांतून प्रत्येक उड्डाण नेमके एकदाच येईल असा स्वस्त संच निवडायचा असतो. ‘कॉलम जनरेशन’ या गणिती पद्धतीत सर्व पर्याय मांडत न बसता थोड्या पेअरिंगपासून सुरुवात करून, खर्च उतरवू शकतील अशाच नव्या पेअरिंगची भर घातली जाते.

काटेकोर बचतीला मर्यादा आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने जानेवारी 2024 मध्ये जाहीर केलेल्या नियमांत वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती 36 तासांवरून 48 तासांवर नेली आणि रात्रीच्या ड्युटीतील लँडिंग 2 वर आणली. दुसरा टप्पा 1 नोव्हेंबर 2025 रोजी लागू झाला. या नियमांना पुरेल इतके वैमानिक हाताशी नसल्याने डिसेंबरच्या आरंभी इंडिगोला मोठ्या संख्येने उड्डाणे रद्द करावी लागली. राखीव मनुष्यबळ कागदावर उधळपट्टी वाटते, पण दिल्लीच्या धुक्यात उड्डाणे लांबली की तेच उपयोगी पडते. राखीव कर्मचारी सहसा तळावर असल्याने लहान विमानतळावर ड्युटीची मर्यादा संपली, तर बदली माणूस दुसऱ्या विमानाने किंवा रस्त्याने आणावा लागतो, आणि त्याचा तो प्रवासही ड्युटीतच मोजला जातो.