जात्यावरची ओवी

महाराष्ट्रातल्या बायकांनी पहाटे दळताना गायलेले, बहुधा दोन ओळींचे गीत. दळणाचा शीण हलका व्हावा म्हणून ओवी गात, असे सर्रास सांगतात. ते अर्धेच खरे आहे. सासरी जे कुणापाशी बोलता येत नव्हते, ते बोलायची ही जागा होती.

महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात, असा उल्लेख चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ (सु. ११२९) या ग्रंथात आहे. ज्ञानेश्वरीची ग्रंथातली ओवी चार चरणांची. जात्यावरची तिच्याहून मोकळी.

दोघी समोरासमोर, एक पाय लांब करून बसतात. दोघींचा एकेक हात खुंट्यावर. दुसऱ्या हाताने एकीने जात्याच्या तोंडात वैरण, म्हणजे मूठमूठ धान्य, घालायची. वैरण जास्त पडली की पीठ भरड येते, घालायची राहिली तर दगडावर दगड घासून पिठात कच उतरते. हात एका लयीत राहावा लागतो आणि ती लय ओवी धरून ठेवते. एकीने ओळ म्हणायची, दुसरीने तीच उचलायची. तेवढ्यात पहिलीला पुढची सुचते. अक्षरे कमी पडली तर ‘गं बाई’, ‘सये’ घालून फेरी भरतात. ‘जात्यावर बसले की ओवी सुचते’ ही म्हण अगदी शब्दशः खरी आहे.

पहिली ओवी देवाची. जात्यालाही ‘ईश्वरा’ म्हणून हाक असते. मग आईबाप, भाऊ, लेकरू, आणि हात तापल्यावर मनातले. सासूला नाव घेऊन बोल लावायची सोय नसे, म्हणून सीता येते: तिचा वनवास, तिला रानात सोडून देणे. गाणारी आपलाच सासुरवास सांगत असते आणि समोरचीला ते कळते. हुंदका आला तर जात्याच्या घरघरीत बुडतो, हात थांबत नाही. खरा आधार मात्र पुढच्या क्षणी मिळतो. आपण म्हटलेली दुःखाची ओळ समोरच्या जावेच्या किंवा नणंदेच्या तोंडून परत ऐकू येते. तिने सल्ला द्यायचा नसतो, विचारायचेही नसते. फक्त ओळ उचलायची. एकटीने दळताना हे मिळत नाही. मग जनीबरोबर दळणारा विठ्ठल समोर बसवायचा.

ओवीने सासुरवास संपत नसे. दिवस उजाडायच्या आत मन मोकळे होई, इतकेच. पण ते थोडे नव्हते.

पिठाची गिरणी आली आणि मनगटे सुटली, ते चांगलेच झाले. मात्र बोलायची जागाही त्याबरोबर गेली. हेमा राईरकर आणि गी पॉइतवॅं या अभ्यासकांनी सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या; त्यांतल्या काही आता ‘पारी’ या ग्रामीण भारताविषयीच्या संकेतस्थळावर ऐकता येतात. लग्नात हळद दळायला जाते अजून मांडतात, सुवासिनी खुंट्याला हात लावून ओव्याही म्हणतात. त्यांत नवरा-नवरी असतात, मांडव असतो, सीता क्वचितच.