काढून टाकलेली नळी आणि जुन्या बोटमोटरची ताकद

दिवाळीनंतर कोयनेच्या शिवसागर जलाशयाकाठी, बामणोलीच्या घाटावर वासोटा किल्ल्याला जाणाऱ्यांची गर्दी सुरू होते. तिथल्या एका बोटवाल्या दादांनी मागच्या हंगामात मला त्यांची जुनी 15 एचपीची टू-स्ट्रोक मोटर दाखवली. मिस्त्रीनं मोटरचा पाय, म्हणजे इंजिनाखालचा पाण्यात जाणारा भाग खोलला, तर आतली धुराची नळी गंजून तिची चाळण झालेली. नवी मिळेना, म्हणून त्यानं ती काढूनच टाकली. "धूर मोकळा सुटला की मोटर ताकद घेती, असं म्हणला तो," दादा सांगत होते. "आवाज लय वाढला सर, पण बोट पळंना."

धूर जितका मोकळा तितकी ताकद जास्त, हा समज आपल्याकडे घट्ट आहे. फोर-स्ट्रोकमध्ये त्याला थोडाफार आधार तरी सापडतो. टू-स्ट्रोकमध्ये तो चुकीच्या वाटेनं नेतो, आणि घाटांवरच्या जुन्या मोटरी बहुतेक टू-स्ट्रोकच असतात.

टू-स्ट्रोक इंजिनाला धूर बाहेर सोडणारा वेगळा व्हॉल्व्ह नसतो. सिलिंडरच्या भिंतीत खिडक्या असतात. पिस्टन खाली आला की आधी धुराची खिडकी उघडते, मग ताज्या मिश्रणाच्या खिडक्या. पिस्टन वर जाताना आधी ताज्या मिश्रणाच्या खिडक्या बंद होतात आणि धुराची सगळ्यात शेवटी. अडचण इथंच आहे. धूर निघून गेल्यावरही त्याचं दार थोडा वेळ उघडंच राहतं, आणि त्यातून पेट्रोल-हवेचं ताजं मिश्रण न जळताच बाहेर पळतं. जुन्या टू-स्ट्रोक गाडीमागे येणाऱ्या कच्च्या पेट्रोलच्या वासाचं मोठं कारण हे.

हे दार वेळेवर लावायचं काम नळी करते, आणि तेही लाटेच्या जोरावर. धुराची खिडकी उघडताच आतला दाब एकदम नळीत सुटतो आणि दाबाची एक लाट नळीतून पुढे धावते. धूर स्वतः मागून सावकाश येतो, लाट मात्र ध्वनीच्या वेगानं जाते. गरम धुरात हा वेग सेकंदाला 500 मीटरच्या आसपास असतो. नळीचं तोंड मोकळ्या जागेत उघडलं, की लाट तिथून उलटी होऊन परत येते. म्हणजे दाबाची लाट गेली, तर ओढीची परत येते. ही ओढ सिलिंडरमधला उरलासुरला धूर खेचून काढते आणि ताजं मिश्रण आत ओढून घेते. नळी पुढे निमुळती होत गेली असेल तर उलट घडतं. निमुळत्या भागावरून दाबाची लाट दाबाचीच राहून परत येते आणि बाहेर पळू पाहणारं मिश्रण पुन्हा सिलिंडरात ढकलते.

सगळा खेळ वेळेचा आहे. मोटर मिनिटाला 5000 फेरे घेत असेल तर एका फेऱ्याला 12 मिलिसेकंद लागतात. धुराची खिडकी फेऱ्याच्या जेमतेम 165 अंश उघडी असते, म्हणजे साधारण साडेपाच मिलिसेकंद. ढकलणारी लाट खिडकी बंद व्हायच्या थोडी आधी पोचायला हवी, समजा 130 अंशांवर. त्यासाठी तिच्याकडे 4.3 मिलिसेकंद आहेत. तेवढ्या वेळात ती जाऊन-येऊन साधारण 2.2 मीटर अंतर कापते, म्हणजे नळी 1.1 मीटरच्या जवळपास लांब हवी. आरएक्स 100 सारखी मोटरसायकल 7500 फेऱ्यांवर फिरते, तिला पाऊण मीटर पुरते. आऊटबोर्डच्या, म्हणजे बोटीमागे बाहेर टांगलेल्या अशा मोटरीच्या, पायात एवढ्या लांबीला जागाच नाही. शिवाय थंड करणारं पाणी त्याच पायातून खाली जातं, धूर निवतो आणि लाटेचा वेग घटतो. म्हणून कारखाना आखूड नळी बसवतो आणि ओढीच्या लाटेवर भागवतो. तीन सिलिंडरांच्या मोटरींत तर याहून सुंदर युक्ती असते. सिलिंडर एकमेकांपासून 120 अंशांवर पेटतात आणि धुराची वाट एकच असते, त्यामुळे एकाची सुटलेली लाट बरोबर दुसऱ्याची खिडकी मिटताना तिच्यापाशी पोचते. शेजाऱ्यानं शेजाऱ्याचं दार लावून द्यावं तसं.

या लाटांना आधी नीट वश केलं ते पूर्व जर्मनीतल्या एमझेड या मोटरसायकल कारखान्याच्या वॉल्टर काडेन या अभियंत्यानं. 1961 पर्यंत त्यानं 125 सीसीच्या इंजिनातून 25 एचपी, म्हणजे इंजिनाच्या आकारमानाच्या लिटरमागे 200 एचपी काढली. त्याच वर्षी त्याचा शर्यतीतला स्वार अर्न्स्ट डेग्नर पळून पश्चिमेकडे गेला आणि हे ज्ञान सुझुकीकडे पोचलं. पुढच्याच वर्षी सुझुकी 50 सीसीच्या गटात जगज्जेती झाली.

आता दादांच्या मोटरकडे येऊ. नळी काढल्यावर लाट सिलिंडरमधून निघून लगेच पायाच्या मोठ्या पोकळीत शिरते, आणि ओढ फार लवकर परत येते, मिश्रणाच्या खिडक्या अजून उघडल्याही नसताना. आवाज वाढला तो यामुळेच, आणि ताकद घटली तीही यामुळेच.

जुन्या मोटरची ताकद वाढवायची म्हणजे बहुतेक वेळा गमावलेली परत मिळवायची. दादांच्या मोटरीचे प्लग काढून मिस्त्रीनं दाबाचं मीटर लावलं आणि दोरी सात-आठ वेळा ओढली. वरच्या सिलिंडरला 110 पौंड, खालच्याला 75. दोन्हींत दहा टक्क्यांहून जास्त फरक नसावा. खालच्या पिस्टनची रिंग काजळीनं खाचेत चिकटून बसली होती, नखानं हलवली तरी हलत नव्हती. मग रीडच्या, म्हणजे मिश्रण आत घेऊन परत जाऊ न देणाऱ्या झडपेच्या, पातळ पात्या उजेडासमोर धरल्या. एका पातीचा कोपरा उडालेला होता आणि तिथून उजेड आरपार दिसत होता. तेवढ्या फटीतून पेट्रोल-हवा उलटी कार्ब्युरेटरकडे फुंकली जाते. शिवसागर भरला की त्याचं पाणी समुद्रसपाटीपासून साधारण 650 मीटर उंचीवर असतं. तिथली हवा समुद्रकाठापेक्षा सहा-सात टक्के विरळ असते. तेवढी ताकद कुणालाही वाचवता येत नाही, पण समुद्रासाठी लावलेला जेट, म्हणजे कार्ब्युरेटरमधलं पेट्रोलचं बारीक छिद्र, इथं हवेच्या मानानं पेट्रोल जास्त सोडतो आणि प्लग काळे करतो, ते टाळता येतं.

याऐवजी लोक टाकीत डांबराच्या गोळ्या टाकतात, पेट्रोलच्या नळीला चुंबक बांधतात. पेट्रोल चुंबकाला जुमानत नाही. गोळी पेट्रोलमध्ये विरघळते, पण कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल उडालं की तिचे स्फटिक जेटमध्ये मागे उरतात. यातल्या कशानंही एक एचपी वाढत नाही, आणि पाण्याच्या मध्यावर पर्यटकांना घेऊन बंद पडलेली मोटर हा थट्टेचा विषय नाही.

9.9 आणि 15 एचपीच्या कित्येक मोटरींचं इंजिन आतून एकच असतं, फरक मुख्यतः कार्ब्युरेटरच्या गळ्याचा. अमेरिकेतल्या बऱ्याच तलावांवर 10 एचपीची मर्यादा असल्यानं ही जोडी निघाली. अशी 9.9 हाताशी असेल तर 15 चा कार्ब्युरेटर लावून ताकद खरंच वाढते.

पंख्याकडे मात्र कुणी पाहत नाही. 15 एचपी ही 5000 फेऱ्यांच्या आसपासची ताकद आहे. भरलेली बोट मोटरीला 4000 च्या पुढे जाऊच देत नसेल, तर ती ताकद कागदावरच राहते. पंख्याची पिच, म्हणजे एका फेऱ्यात तो पाण्यात जितका पुढे सरकायला बघतो ते अंतर, एक इंचानं कमी केली की दीडशे-दोनशे फेरे वाढतात. हे भागेल तितकं भागेल, कारण आठ मीटरच्या जड लाकडी बोटीला ताशी बारा-साडेबारा किलोमीटरच्या पुढे स्वतःच्याच लाटेवर चढावं लागतं. तिथं दुप्पट एचपीही फक्त पेट्रोल खाते.

दादांची रिंग सुटली, पात्या नव्या पडल्या. नळीसाठी मी गंजलेल्या तुकड्यावरून लांबी मोजली आणि साताऱ्यात एका लेथवाल्याकडून त्याच मापाची स्टेनलेसची नळी करून घेतली. चार दिवसांनी दादांचा फोन आला. भरल्या बोटीनं मोटर 4600 ला गेली होती, आणि मागे बसलेल्या माणसाशी ओरडून बोलावं लागत नव्हतं.