एक लिटर पेट्रोलला एक टँकर हवा

नवतपा, म्हणजे मे अखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस, चालू होता. दुपारी दोनला भाचा गाडी घेऊन दारात आला आणि घरात यायच्या आधीच बोनेट उघडून उभा राहिला. आतला हवेच्या फिल्टरचा मूळचा काळा प्लास्टिकचा डबा गायब. त्या जागी चकचकीत ॲल्युमिनियमचा पाइप वळण घेत खाली बंपरच्या मागं गेलेला, आणि त्याच्या टोकाला लाल रंगाचा, शंकूच्या आकाराचा फिल्टर.

“मामाजी, आता इंजिनले थंडी हवा भेटते. पिकअप पाहा तुमी फक्त!”

पारा ४५ अंशांवर होता. यात थंडी हवा नेमकी कुठून येते, असं विचारणार होतो, पण गप्प बसलो. पोरगा अगदीच चूक बोलत नव्हता.

पेट्रोल एकटं जळत नाही. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला १४.७ किलो हवा लागते. एक लिटर पेट्रोलचं वजन पाऊण किलोच्या जरा आत, म्हणजे लिटरमागं ११ किलो हवा झाली. हवा आपल्याला बिनवजनाची वाटते खरी, पण आपल्याकडच्या मे महिन्यात एक घनमीटर हवा साधारण १.१ किलो भरते. हिशेब केला तर एक लिटर पेट्रोलला दहा हजार लिटर हवा. उन्हाळ्यात गावात पाण्याचा मोठा टँकर येतो ना, तेवढी. वर्ध्याहून नागपूरला जाताना छोटी गाडी चारेक लिटर पेट्रोल पिते आणि चार टँकर हवा ओढते. इंधनाचा भाव आपण रोज बघतो, हवेचा विचार मात्र फिल्टर बदलायचं बिल आलं तेवढाच.

अडचण अशी की इंजिन हवा घेतं मापानं आणि जाळतं वजनानं. पिस्टन खाली जातो तेव्हा सिलिंडरमध्ये ठरलेली जागा रिकामी होते, तेवढीच हवा आत येते. कापूस गाडीत भरताना दोन पोरं वर चढून तुडवतात ते याचसाठी. गाडी तेवढीच, पण तुडवलेला कापूस काट्यावर जास्त भरतो. थंड हवा म्हणजे तुडवलेला कापूस. गरम हवा फुगलेली, सैल.

किती सैल, ते मोजता येतं. सेल्सिअस अंशांत २७३ मिळवायचे, म्हणजे निरपेक्ष तापमान मिळतं, आणि दाब तोच असेल तर हवेची घनता त्याच्या उलट्या प्रमाणात चालते. मे महिन्यातली दुपार ४५ अंशांची, म्हणजे ३१८. जानेवारीतली पहाट १० अंशांची, म्हणजे २८३. फरक १२ टक्क्यांचा. हिवाळ्यात सकाळी गाडी जरा हलकी पळते असं वाटतं, तो भास नाही. आणखी एक गोष्ट आहे. आत येणारी हवा फार तापलेली असली तर पेट्रोल वेळेआधी भडकायचा धोका असतो. मग नव्या गाड्यांमधला कॉम्प्युटर ठिणगी थोडी उशिरा पाडतो, आणि तिथंही ताकद जाते. म्हणून थंड हवेची ओढ चुकीची म्हणता येत नाही.

प्रश्न एवढाच, की त्या पाइपनं हवा थंड झाली का?

माझी गाडी त्याच मॉडेलची, मूळच्या डब्याची. आम्ही दोन्ही गाड्यांना तपासणीच्या सॉकेटमध्ये बसणारा छोटा ब्लूटूथ रीडर आळीपाळीनं लावला. कुठल्याही दुकानात तो मिळतो आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान मोबाइलवर दाखवतो. रेल्वे फाटकाशी गाडी सुरू ठेवून उभं राहिलो तेव्हा दोन्हींचे आकडे साठीच्या घरात चढले. रेडिएटरचा पंखा गरम वाफारा मागं फेकतो, बोनेटखाली भट्टी होते, तिथं कुणाचंच चालत नाही. फाटक उघडलं, गाडी ८० ला लागली, तसे आकडे उतरले. भाच्याच्या गाडीचा माझ्यापेक्षा दोन-तीन अंशांनी कमी. ३२० च्या आसपासच्या आकड्यात तीन अंश म्हणजे एक टक्का.

एवढा कमी फरक का, हे माझ्या गाडीचं बोनेट उघडल्यावर भाच्याला दिसलं. काळ्या डब्याचं नाकाड हेडलाइटच्या मागून पुढच्या जाळीकडे गेलेलं आहे. बाहेरची हवा ते आधीपासूनच घेतं. कंपनीच्या इंजिनिअरांनाही थंड हवेचं महत्त्व ठाऊक होतं, त्यांनी फक्त त्याला चमक दिली नाही. ॲल्युमिनियम तापतं म्हणून हा पाइप वाईट, असं काही जण सांगतात, तेही फारसं खरं नाही. पाइपात मावते दोनेक लिटर हवा. हजार सीसीचं इंजिन ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून मिनिटाला ३००० फेऱ्यांवर चालवलं तर सेकंदाला २५ लिटरच्या आसपास ओढतं. हवा त्या पाइपात सेकंदाचा दहावा भागसुद्धा थांबत नाही, तापणार कधी?

मोकळा फिल्टर हवा कमी अडवतो, हा दुसरा दावा. थोडा खरा आहे. पण चांगल्या स्थितीतला कागदी फिल्टर पूर्ण दाबलेल्या गाडीतही दाबाचे सहसा एक-दोन टक्केच खातो. सगळं जमेस धरून उदार मनानं तीन टक्के फायदा मानू. ६७ अश्वशक्तीच्या गाडीत दोन अश्वशक्ती. माणसांसकट हजार किलोची गाडी धरली, तर डिक्कीतलं तीस किलो गव्हाचं कट्टं उतरवून ठेवल्यावरही पिकअपमध्ये तेवढाच फरक पडेल.

आणि तोही पाय पूर्ण दाबलेला असताना. ॲक्सिलरेटर म्हणजे पेट्रोलचा नळ, असं बहुतेकांना वाटतं. पेट्रोलच्या गाडीत तो हवेचा नळ आहे. पाय दाबला की आतली गोल झडप उघडते, हवा जास्त जाते, आणि तिच्या मानानं पेट्रोल सोडायचं काम कॉम्प्युटर करतो. आम्ही ६० नं सरळ चाललो होतो तेव्हा मोबाइलवर झडपेच्या आतला दाब बाहेरच्या हवेच्या निम्म्याहूनही कमी दिसत होता. म्हणजे इंजिननं स्वतःच गळा आवळून धरलेला. अशा वेळी नाक मोठं करून काय उपयोग? मायलेजचं तर उलटंच आहे. हवा दाट मिळाली की तेवढ्याच वेगासाठी झडप आणखी कमी उघडावी लागते, आणि अर्धवट मिटलेल्या झडपेतून हवा ओढायला इंजिनाला जास्त कष्ट पडतात. दर लिटरला दोन किलोमीटर वाढतील हे भाच्याला दुकानदारानं सांगितलेलं. दुकानदाराचा नफा तेवढा वाढला असेल.

“पण आवाज आयका ना मामाजी!” हे मात्र मान्य. आवाज बदलला होता, आणि छान बदलला होता. तीन सिलिंडरचं इंजिन ३००० फेऱ्यांवर सेकंदाला ७५ वेळा हवेचा घोट घेतं. प्रत्येक घोटाला हवेच्या नळीत धक्का बसतो, त्याचा घुमणारा खर्ज तयार होतो. मूळच्या डब्याला बाजूनं एक रिकामी कुपी जोडलेली असते. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की एकच सूर निघतो, तसा त्या कुपीचाही ठरलेला सूर असतो, आणि तो या खर्जाला गिळून टाकतो. एकोणिसाव्या शतकात हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञानं अशा कुप्यांचा अभ्यास केला, म्हणून त्याच्याच नावानं त्या ओळखल्या जातात. डबा काढला, कुपी गेली, खर्ज मोकळा झाला. कान म्हणतो गाडी पळतेय, आणि अंग त्याला दुजोरा देतं. स्पीडोमीटर दुजोरा देत नाही.

इथवर पैशाचाच प्रश्न होता. धुळीचं तसं नाही.

आमच्या अंगणात एक जुना ट्रॅक्टर उभा असतो. भाच्याला तिकडे नेलं. ट्रॅक्टरचं नाक कुठं आहे? बोनेटच्याही वर, डोळ्यांच्या उंचीला. धूळ जमिनीजवळ सगळ्यात दाट असते, म्हणून. त्या नळीच्या माथ्यावर टोपी असते, तिच्यातल्या तिरक्या पात्यांमुळं हवा गरगरत आत शिरते. हवा वळते, पण जड कणांना इतक्या झटक्यात वळता येत नाही, ते भिंतीवर आपटून बाहेर पडतात. उफणणीला भूस उडून जातं आणि दाणा जागीच पडतो, त्यातलाच प्रकार. तिथून हवा खाली येते ती तेलाच्या वाटीवर. वाटीत तेलाच्या अगदी जवळून हवेला उलटं वळून वर जावं लागतं, उरलेले कण तेलात बसतात, आणि वरची तारेची गुंतवळ शेवटचे पकडते. नांगरटीच्या दिवसांत ती वाटी उघडली की तळाशी काळ्या खिरीसारखा गाळ सापडतो. तेल बदललं, वाटी पुसली, पुन्हा चालू.

ज्या यंत्राला दिवसभर धुळीतच राबायचं, त्याच्या बनवणाऱ्यानं नाक वर ठेवलं. भाच्यानं ते बंपरमागं, पुढच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीनं उडवलेल्या धुळीत नेऊन ठेवलं.

आपल्या पांदणीची धूळ म्हणजे नुसती काळी माती नसते. तिच्यात मुरूम असतो, गिट्टीची भुकटी असते, आणि चंद्रपूर-गडचिरोलीकडं गेलं की जुन्या खडकांतला गारगोटीचा चुरा. हे कण सिलिंडरच्या लोखंडाहून कठीण. पिस्टनच्या कड्या आणि सिलिंडरची भिंत यांच्यामध्ये तेलाचा थर असतो तो काही मायक्रॉनचा. केसाची जाडी सत्तरेक मायक्रॉन. सर्वांत घातक कण म्हणून पाच ते वीस मायक्रॉनचे धरतात, म्हणजे त्या थराहून जाड, पण डोळ्यांना सुटे न दिसणारे. ते तेलात मिसळून कानशीसारखे घासत राहतात. एक दिवस गाडी निळा धूर टाकते आणि लोक तेलाच्या कंपनीला नावं ठेवतात.

कागदी फिल्टरबद्दल एक गमतीची गोष्ट सांगायलाच हवी. तो थोडा मळला की जास्त बारीक गाळतो, कारण साचलेली धूळच गाळणी होते. दर आठवड्याला पंक्चरच्या दुकानात नेऊन जोरात हवा मारणारे फिल्टरचं नुकसानच करतात. मारायचीच तर हलकी, आणि स्वच्छ बाजूनं धुळीच्या बाजूकडं. भाच्याचा लाल फिल्टर सुताच्या जाळीचा होता. त्यात आपलाच कापूस असेल, असं मी उगाच म्हणालो. अशा जाळीला तेल चोपडलेलं असावं लागतं, त्या चिकटपणावरच तिचं सगळं काम चालतं. तेल कमी पडलं तर धूळ आरपार, जास्त झालं तर काही गाड्यांमधल्या हवा मोजणाऱ्या नाजूक तारेवर जाऊन बसतं. जिनिंगच्या दिवसांत रुईचे तंतू या चिकट जाळीवर कसे बसतील ते सांगायला नको. वीसेक दिवसांनी पाइप सोडून त्याच्या आत, फिल्टरच्या पलीकडल्या बाजूला, मी पांढरा रुमाल फिरवला. रुमालावर तांबूस-करडा पट्टा उमटला. भाचा काही बोलला नाही.

बोलला तो आमचा मिस्त्री. त्याला धुळीची चिंता नव्हती, रपट्याची होती. पावसाळ्यात नाल्यावरच्या रपट्यावरून फूट-दीड फूट पाणी वाहतं आणि लोक गाडी घालतात. पाणी हवेसारखं दाबलं जात नाही. हजार सीसीच्या तीन सिलिंडरच्या इंजिनात पिस्टन अगदी वर असताना डोक्यावर उरलेली जागा असते ३३ ते ३७ मिलिलिटरची. टपरीवरच्या कागदी कपात अर्धा चहा, एवढंच पाणी एका सिलिंडरात शिरलं की पिस्टन वर जाऊ शकत नाही. बाकीचं इंजिन त्याला ढकलत असतंच, मग पिस्टनला ढकलणारा दांडा, म्हणजे कनेक्टिंग रॉड, वाकतो. बंपरमागचं नाक पाण्यात बुडायला दीड फूटही लागत नाही. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा सेल्फ मारायचा नाही, ढकलून बाहेर काढायची आणि मिस्त्रीला बोलवायचं, हे मूळच्या डब्याच्या गाडीलाही लागू आहे.

मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला त्या संध्याकाळी भाचा माळ्यावरून जुना डबा शोधत होता. डबा मिळाला, आतला कागदी फिल्टर नवा आणला, पण झाकणाच्या चार क्लिपांपैकी तीनच सापडल्या. चौथ्या कोपऱ्याची फट बोटानं चाचपून त्यानं मला दाखवली. नखभर होती. फिल्टर कितीही चांगला असला तरी हवा त्या फटीतूनच शिरणार, आणि तिच्यासोबत धूळही. हे मी सांगायच्या आधीच तो सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापायला बसला होता.