पाठीतली सुई आणि गादीतली सुई

भाताची लावणी आटोपली की माझ्याकडे व्यायाम शिकायला बायका कंबर धरून येतात. दापोलीकडचं ठरलेलं वाक्य असतं, "सिझरला पाठीत सुई मारल्यानी, तेव्हापासून कंबर धरलीय." गेल्या पावसात एका काकींच्या मुलाने तर मोबाइलवर वाचूनच दाखवलं: सुई टोचली की मणक्याची गादी झिजते, सशांवर प्रयोग झालेत. वाचलेलं खरं होतं. सुई मात्र वेगळी होती.

सिझरच्या भुलीची सुई मागून, दोन मणक्यांच्या फटीतून जाते. मज्जारज्जूभोवतीचं आवरण भेदलं की सुईतून पाण्यासारखा स्वच्छ थेंब येतो आणि डॉक्टर तिथेच थांबतात. गादी त्याच्याही पुढे, पोटाच्या बाजूला. सुई २५ ते २७ गेजची (गेजचा आकडा मोठा तितकी सुई बारीक), जेमतेम अर्धा मिलिमीटर. चार दिवस ती जागा ठणकते, कधी आवरणातून पाणी झिरपून डोकं दुखतं. वर्षानुवर्षांची कंबरदुखी मात्र ही सुई न घेतलेल्या बाळंतिणींनाही तितकीच असते.

प्रयोगशाळेत उलट, गादीच फोडायची असते, कारण औषध तपासायला झिजलेली गादी लागते. सोललेला ताडगोळा टाचणीने टोचून बघा: पाणी चिळकांडी मारतं आणि फुगीर गोळा मऊ पडतो. गादीच्या कडेला चिवट थर आणि आत पाणी धरून ठेवणारा गर. भोक पडलं की आतला दाब जातो, गर बाहेर येतो, काही आठवड्यांत उंची घटते. आत रक्तवाहिन्या नसल्याने जखम नीट भरतही नाही. सशांवर १६, १८, २१ गेजच्या सुया वापरल्या गेल्या. १८ची जाडी सव्वा मिलिमीटर. उंदराच्या शेपटीतली गादी मुळात एक मिलिमीटरच्या आसपास उंच, माणसाच्या कमरेतली सेंटिमीटरभर. सुईची जाडी गादीच्या उंचीच्या ४० टक्क्यांवर गेली की बिघाड ठळक होतो, असं २००८च्या एका अभ्यासात दिसलं.

म्हणून बारीक सुई माणसाच्या गादीला निर्धोक, असं मात्र मी म्हणणार नाही. दुखरी गादी ओळखायला कधी कधी तिच्यात सुई घालून द्रव सोडतात. अशी सुई घेतलेल्यांना ७ ते १० वर्षांनी तपासलं तेव्हा टोचलेल्यांपैकी ३५ टक्के गाद्यांची झीज वाढली होती, सुई न घेतलेल्या लोकांत १४ टक्के गाद्यांची. हा अभ्यास २००९चा. तेव्हा सुई गादीत जाणार आहे का, हे आधी विचारून घ्या.

त्या काकींना पालथं झोपवून मी सुईची जागा दाबली. "हितं नाय गो," त्या म्हणाल्या, आणि हात बाजूला चार बोटं सरकवून दाखवला. तिथे स्नायू दोरखंडासारखा ताठ झाला होता, पंधरा दिवस चिखलात वाकून.